फाटलेला बूट आणि निर्दोष एक्सल

पिकअप ट्रकची उंची वाढवली आणि काही काळाने पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले, की सल्ला ठरलेला असतो: एक्सलच्या सांध्यावरचा रबरी बूट बदलत बसू नका, अख्खा एक्सल टाका. अमेरिकेच्या पश्चिमेकडील वाळवंटी आणि डोंगराळ वाटांवर टोयोटा टॅकोमा घेऊन फिरणाऱ्यांमध्ये या सल्ल्याला जवळजवळ नियमाचे स्थान मिळाले आहे. आपल्याकडे 2016 मध्ये इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि 2022 मध्ये टोयोटा हायलक्स आली. या दोन्ही गाड्यांची पुढची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत, त्यामुळे त्यांच्या एक्सललाही तसेच सांधे आणि तसेच रबरी बूट आहेत, आणि सल्लाही तोच मिळतो. तो देणारे बहुतेक जण हात काळे करून शिकलेले असतात, म्हणून तो सहज झटकून टाकता येत नाही. तरीही तो चुकीचा आहे असे माझे ठाम मत आहे. त्यात फाटलेल्या बुटाला मेलेला सांधा मानले जाते, आणि बूट ज्या कारणाने फाटला ते कारण गाडीत जसेच्या तसे राहते.

पूर्वपक्ष आधी पूर्ण ताकदीने मांडला पाहिजे. त्याचा पहिला मुद्दा मजुरीचा. बूट बदलायचा तरी चाक उतरवा, हबचा नट सोडवा, बॉल जॉइंट मोकळा करा आणि एक्सल बाहेर काढा, हे सगळे करावेच लागते. त्यापुढे सांधा उघडणे, धुणे, ग्रीस भरणे आणि पुन्हा जोडणे यांत जी मजुरी जाते, त्यात थोडी भर घातली की बाजारातला नवा एक्सल येतो. दुसरा मुद्दा घाणीचा. बूट फाटला त्या क्षणापासून माती आणि पाणी आत शिरले. आत किती झीज झाली हे कोणी सांगू शकत नाही. मग संशयित सांध्यावर नवा बूट का चढवायचा? तिसरा मुद्दा अनुभवाचा: बदललेले बूट टिकत नाहीत, काही महिन्यांत पुन्हा गळतात. चौथा मुद्दा युक्तिवादापेक्षा मनोवृत्तीचा आहे: गाडी उंच केली की बूट फाटणारच, ती उंचीची किंमत समजावी आणि एक सुटा एक्सल जवळ ठेवावा.

उत्तर देण्यापूर्वी हा बूट मुळात काय करतो ते पाहिले पाहिजे, कारण पूर्वपक्षाची पहिली चूक तिथेच आहे.

इंजिनाची फिरकी चाकापर्यंत न्यायची, आणि तीही वरखाली होणाऱ्या, वळणाऱ्या चाकापर्यंत, हा जुना पेच आहे. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकच्या नावाने ओळखला जाऊ लागलेला क्रॉसचा सांधा वाकलेल्या अवस्थेतही फिरतो, पण समान गतीने फिरत नाही. 30 अंशांच्या कोनात एक टोक एकसारखे फिरत असताना दुसऱ्या टोकाची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा 0.866 पट ते 1.155 पट अशी खालीवर होते. वळवल्या जाणाऱ्या चाकाला हा हिसका सोसत नाही. 1926 साली आल्फ्रेड रझेपा या अभियंत्याने यावर जो तोडगा काढला, तोच आज बहुतेक गाड्यांच्या बाहेरच्या सांध्यात आहे: सहा छर्रे, त्यांच्यासाठी आतल्या-बाहेरच्या अंगाला कोरलेल्या वक्र खोबण्या, आणि छर्ऱ्यांना दोन शाफ्टमधल्या कोनाच्या नेमक्या मध्यप्रतलात धरून ठेवणारा पिंजरा. डिफरन्शियलकडच्या आतल्या सांध्याचे काम वेगळे. चाक वरखाली होताना एक्सलची लांबी कमी-जास्त व्हावी लागते, म्हणून तिथे बहुधा तीन रोलरांचा ट्रायपॉड असतो आणि तो आपल्या घरात आतबाहेर सरकतो.

हे सांधे कठीण केलेल्या पोलादाचे आणि बारीक मापात घासून तयार केलेले असतात. ग्रीस आत राहिले तर ते फार दीर्घायुषी असतात; ग्रीस गेले तर नाहीत. दुसऱ्या महायुद्धातील जीपमध्ये असे सांधे एक्सलच्या टोकाशी असलेल्या पोकळ पोलादी गोलात, फेल्टच्या सीलमागे बंद असत. पुढे चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर आली, 1959 च्या ब्रिटिश मिनीसारख्या छोट्या गाडीने हा सांधा घरोघरी नेला, आणि पोलादी गोलाची जागा हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्यांच्या लवचीक बुटाने घेतली. म्हणजे बूट हा सांध्याचा भाग नसून त्याच्या ग्रीसची कोठी आहे. कोठी फुटल्याने आतला ऐवज धोक्यात येतो हे खरे, पण तो त्याच क्षणी नासला असे ठरत नाही. धोका आणि नाश यांमध्ये वेळ असतो, आणि त्या वेळात काय झाले हे पोलादावर उमटते.

आता दुसऱ्या मुद्द्याचे खंडन. आतली झीज कळत नाही, असे पूर्वपक्ष म्हणतो. खरे तर यंत्रातल्या थोड्याच भागांची झीज इतकी स्पष्ट दिसते. जुने ग्रीस पुसून सांधा सॉल्व्हंटने धुतला आणि पूर्ण कोनात एकेका बाजूला वाकवला की छर्रे आणि खोबण्या आळीपाळीने नजरेसमोर येतात. छर्ऱ्याने घासून आलेला गुळगुळीत चकचकीत पट्टा हे आरोग्याचे लक्षण आहे. नखाला लागणारे खड्डे, सोललेले पापुद्रे, उष्णतेने आलेली निळसर झाक, पिंजऱ्याच्या खिडकीत ढिला झालेला छर्रा ही रोगाची लक्षणे. आतल्या ट्रायपॉडमध्ये रोलर जिथे सरकतात तिथे बोटाला खाच जाणवते का ते पाहायचे. गाडी चालवतानाही खुणा मिळतात: पूर्ण वळणावर बाहेरच्या सांध्याची कटकट, जोर देताना आतल्या सांध्याची थरथर. अशी तपासणी अर्ध्या तासात होते. पोलादाचा कठीण थर पातळ असतो; त्यात एकदा खड्डा पडला की तो पसरतच जातो, म्हणून रोगी सांध्यावर नवा बूट चढवू नये हे मला पूर्ण मान्य आहे. पण न पाहताच प्रत्येक सांधा रोगी ठरवणे याला निदान म्हणता येत नाही. फाटलेल्या बुटाखाली ओलसर, काळेभोर, बोटांत चोळल्यावर किरकिर न लागणारे ग्रीस शिल्लक असेल, तर सांधा निर्दोष असण्याची शक्यता मोठी असते. आणि गळती फक्त बूट आवळणाऱ्या पट्टीपाशी असेल, रबर अखंड असेल, तर माती आत गेली या गृहीतकालाच आधार राहत नाही.

मजुरीच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे. एक्सल बाहेर काढण्याचे श्रम दोन्ही मार्गांत सारखेच, हे खरे. पण पुढची तुलना चुकीच्या दोन वस्तूंमध्ये केली जाते. एका बाजूला नवा बूट चढवलेला, कारखान्याने बनवलेला, हजारो किलोमीटर बिनतक्रार चाललेला सांधा असतो. दुसऱ्या बाजूला कोणत्या पोलादाचा, किती अचूकतेने घासलेला हे ठाऊक नसलेला स्वस्त एक्सल असतो. किंमत दोघांची जवळपास असेलही, गुणवत्ता तशी नसते. स्वस्त एक्सल बसवल्यानंतर ठरावीक वेगाला थरथर सुरू झाल्याच्या तक्रारी सर्वत्र आढळतात, कारण खोबण्यांतली थोडीशी चूकही मोठ्या कोनात जास्त जाणवते. आणि उंच केलेल्या गाडीत कोन मोठाच असतो. खरी तुलना कंपनीच्या मूळ नव्या एक्सलशी व्हायला हवी, आणि त्या किमतीपुढे मजुरीचा हिशेब टिकत नाही. आणखी एक गोष्ट या धंद्यातल्यांना ठाऊक आहे: एक्सल पुनर्बांधणी करणारे कारागीर मूळ कंपनीचा जुना शाफ्ट मागून घेतात, कारण पाया म्हणून तोच त्यांना हवा असतो. आपण जे भंगारात देतो त्याचे मोल त्यांना कळते.

तिसरा मुद्दा, बदललेले बूट टिकत नाहीत, हा अनुभव खोटा नाही. त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. जे टिकत नाहीत ते बहुधा तीन प्रकारचे असतात. पहिला चिरलेला बूट: एक्सल न काढता बाजूने गुंडाळून चिकटवायचा किंवा स्क्रूने आवळायचा. सरळ रस्त्यावरच्या साध्या गाडीला तो काही काळ साथ देईल. उंच केलेल्या पिकअपच्या कोनात त्याची शिवण पहिल्यांदा उघडते. दुसरा सगळ्यांना चालेल असा ताणून चढवायचा बूट, ज्याच्या घड्यांचा आकार त्या सांध्यासाठी बनलेलाच नसतो. तिसऱ्यात बूट योग्य असतो, पट्टी चुकीची. जुने बूट निओप्रीन रबराचे असत. आजचे बरेचसे थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमरचे असतात. हा पदार्थ कडक, टोचण्याला आणि घासण्याला अधिक दाद न देणारा, पण त्याला सील होण्यासाठी मोठा आणि सर्व बाजूंनी सारखा दाब लागतो. बाजारात सहज मिळणारा स्क्रूचा होज क्लॅम्प तो दाब देत नाही, वर त्याचे जाड डोके फिरताना आजूबाजूला अडू शकते. इथे कान असलेली पट्टी आणि ती दाबणारा खास चिमटाच हवा. वाईट सामानाने केलेली दुरुस्ती फसली म्हणून दुरुस्तीच व्यर्थ ठरत नाही.

चौथा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यात विचार थांबतो. उंची वाढवली की बूट फाटणारच असे मानले, की पुढे कोणी काही मोजत नाही. म्हणून आधी मोजू. एक्सलच्या दोन सांध्यांमधले अंतर 45 सेंटीमीटर धरा आणि उंची 7.5 सेंटीमीटरने, म्हणजे सुमारे तीन इंचांनी वाढवा. एक्सल मूळ कोनापेक्षा साधारण साडेनऊ अंशांनी अधिक तिरपा होतो. बाहेरचा सांधा वळणासाठीच घडवलेला असतो. त्याची मर्यादा बहुधा 45 अंशांच्या वर असते, म्हणून ही भर त्याला फारशी जड जात नाही. आतला ट्रायपॉड मात्र साधारण 25 अंशांच्या आसपास थांबतो. त्याच्या दृष्टीने साडेनऊ अंश म्हणजे एकूण क्षमतेतला तिसऱ्या हिश्श्याहून मोठा वाटा. लोकांचे लक्ष बाहेरच्या बुटावर असते, कारण बाहेरचा सांधा बिघडला की आवाज करतो. पण उंचीचा खरा भार आतल्या सांध्यावर आणि त्याच्या बुटावर पडतो. उंच केलेल्या अनेक टॅकोमांत ग्रीस पहिल्यांदा आतल्या बुटाच्या पट्टीपाशी दिसते ते उगाच नाही.

पुढचे गणित फेऱ्यांचे. 80 सेंटीमीटर व्यासाचे चाक एका किलोमीटरला सुमारे 400 वेळा फिरते. प्रत्येक फेऱ्यात बुटाची प्रत्येक घडी एकदा मिटते आणि एकदा उघडते. दहा हजार किलोमीटरला ही संख्या 40 लाखांच्या आसपास जाते. कोन लहान असताना घड्या एकमेकींना न शिवता हलतात. कोन वाढला की आतल्या बाजूच्या घड्या एकमेकींवर दाबून घासू लागतात, आणि तेच घर्षण लाखो वेळा त्याच रेषेवर होते. रबर तिथे बाहेरून झिजत जाते आणि एक दिवस चिरते. काट्याने किंवा दगडाने बूट फुटणे वेगळे. घडीच्या रेषेवर गोलाकार चीर पडणे हे कोनाचे काम. दुसऱ्या पिढीच्या टॅकोमात, म्हणजे 2005 ते 2015 च्या गाड्यांत, पुढच्या चाकांना सोडवता येणारे हब नाहीत. गाडी दोनचाकी ड्राइव्हमध्ये महामार्गावर धावत असली तरी एक्सल चाकाबरोबर फिरतच राहतो. म्हणजे बुटाचे आयुष्य वाळवंटातल्या चार दिवसांत संपत नाही. ते रोजच्या ऑफिसच्या रस्त्यावर, त्या वाढलेल्या कोनात झिजते. अशा गाडीत नवा एक्सल बसवला, तर त्याचा नवा बूट पहिल्या दिवसापासून त्याच कोनात, त्याच रेषेवर घासू लागतो. एक्सल बदलल्याने रोगाची मुदत पुन्हा शून्यापासून सुरू होते, रोग जात नाही.

उंची कशी वाढवली हेही तितकेच महत्त्वाचे. शॉक अब्सॉर्बरची लांबी तीच ठेवून स्प्रिंगने उंची वाढवली, तर चाक पूर्ण लोंबकळले तरी एक्सलचा कमाल कोन पूर्वीइतकाच राहतो. वाढतो तो फक्त उभ्या गाडीचा कोन. स्ट्रटच्या डोक्यावर स्पेसर बसवून उंची वाढवली, तर कमाल कोनही वाढतो, आणि खड्ड्यात चाक लोंबले की आतला सांधा मर्यादेच्या जवळ जातो. तीन इंच दोन्हीकडे लिहिलेले असते, एक्सलच्या नशिबी दोन वेगळ्या गोष्टी येतात.

इथे प्रतिपक्षाचा दुसरा तट पुढे येतो: डिफ ड्रॉप बसवा, प्रश्न मिटला. पुढचे डिफरन्शियल स्पेसरने खाली आणून एक्सल सरळ करण्याची ही युक्ती आहे. तत्त्व योग्य आहे. पण वरच्याच उदाहरणात आतला सांधा पूर्ण 2.5 सेंटीमीटर खाली आला, तरी साडेनऊपैकी सुमारे तीन अंशच परत मिळतात. शिवाय टॅकोमासाठीच्या प्रचलित किटमध्ये पुढच्या बाजूचे आधार खाली आणले जातात आणि मागचा तसाच राहतो. डिफरन्शियल त्याभोवती थोडे झुकते, त्यामुळे एक्सलच्या रेषेत प्रत्यक्ष उतार स्पेसरच्या जाडीपेक्षा कमी मिळतो. जमिनीपासूनचे अंतरही त्या ठिकाणी घटते. म्हणून डिफ ड्रॉप ही मदत आहे, मुक्ती नाही. खरा उपाय साधा आणि अप्रिय आहे: गरजेपेक्षा जास्त उंची घेऊ नये. साडेनऊ अंशांऐवजी सुमारे साडेसहा अंशांची भर, म्हणजे तीन इंचांऐवजी दोन इंच, बुटाला जो दिलासा देते तो कोणतेही किट देत नाही. आपल्याकडे तर मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल मूळ रचनेतील बदलांना कडक मर्यादा घालतात. त्याचे भान ठेवूनच उंचीचा विचार व्हावा.

आता मंडन. माझा सिद्धान्त असा: बुटाचा निर्णय सांधा पाहून घ्यावा, आणि सांध्याचा निर्णय कोन मोजून पक्का करावा.

यावरून तीन वाटा फुटतात. रबर अखंड असून ग्रीस फक्त पट्टीपाशी येत असेल, तर बसण्याची जागा पूर्ण साफ करून योग्य दाबाची नवी पट्टी आवळावी. बूट फाटला आहे, पण आवाज नाही आणि धुतल्यावर खोबण्या स्वच्छ आहेत, तर मूळ आकाराचा नवा बूट चढवावा. सांध्यात खड्डे, ढिलेपणा किंवा कटकट असेल, तर सांधा बदलावा. तेव्हाही मूळ शाफ्टवर चांगल्या कारागिराने केलेली पुनर्बांधणी अनोळखी स्वस्त एक्सलपेक्षा श्रेष्ठ मानावी.

दुसऱ्या वाटेवर काम कसे होते यावर सगळे अवलंबून आहे. टोयोटाच्या अशा एक्सलवर रूढ पद्धत बाहेरचा सांधा न उघडण्याची आहे. आतल्या सांध्याचे घर, ट्रायपॉड आणि शाफ्ट यांवर रंगाने जुळणीची खूण करायची, सर्क्लिप काढून ट्रायपॉड उतरवायचा आणि दोन्ही बूट त्याच बाजूने सरकवायचे. पंचने ठोकून खूण करू नये. कठीण पोलादाला तो घाव परवडत नाही. ग्रीस किटमध्ये दिलेले तेच आणि तेवढेच भरावे. बाहेरच्या सांध्याला बहुधा मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे ग्रीस असते, आतल्यासाठी अनेकदा वेगळे दिलेले असते, आणि दोन्हींची अदलाबदल करू नये. सर्वांत दुर्लक्षित पायरी शेवटची आहे. पट्टी आवळण्यापूर्वी आतला सांधा ठरलेल्या लांबीवर आणावा आणि बुटाची कड किंचित उचलून आतली जादा हवा सोडावी. हवा कोंडली तर बूट फुगतो, कमी पडली तर घड्या आत ओढल्या जातात, आणि दोन्ही स्थितींत घासणे वाढते. उंच केलेल्या गाडीत ट्रायपॉड मूळ जागेपेक्षा थोडा बाहेर सरकलेला असतो, म्हणून एक्सल बसवल्यावर, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना घड्या सारख्या पसरल्या आहेत का ते खाली वाकून पाहावे. मागे बदललेले बूट टिकले नाहीत असे सांगणाऱ्यांपैकी किती जणांच्या गाडीत ही पायरी पाळली गेली होती, हे विचारण्यासारखे आहे.

पूर्वपक्षाला एक जागा मी मोकळ्या मनाने देतो. मनुष्यवस्तीपासून दूर, दिवसभराच्या वाटेवर जाणाऱ्याने एक तयार एक्सल बरोबर ठेवावा. तिथे धुणे-पाहणे शक्य नसते. बदला आणि घरी या, हेच शहाणपण. पण ती आणीबाणीची तरतूद झाली. तिचा नियम गॅरेजमधल्या निवांत कामाला लावणे म्हणजे अपवादाला सिद्धान्त बनवणे होय. घरी आल्यावर तो काढलेला मूळ एक्सल भंगारात न टाकता टेबलावर घ्यावा, उघडावा, तपासावा. बहुतेकदा पुढच्या प्रवासाचा राखीव एक्सल तोच होऊ शकतो.

हा वाद मला केवळ पैशाचा वाटत नाही. भाग न पाहता बदलण्याची सवय लागली की मिस्त्रीची नजर हळूहळू मरते. खोबणीत नख फिरवून सांध्याचे वय सांगणारी माणसे कमी होत जातात, आणि मग आत काय झाले ते कळत नाही हे वाक्य खरे होऊ लागते. ती नजर टिकवण्याची जबाबदारी गाडीमालकाचीही आहे. गॅरेजमध्ये एक्सल बदला असे ऐकू आले, तर त्याने दोन मागण्या कराव्यात: सांधा धुऊन मला दाखवा, आणि गाडी सपाटीवर उभी करून एक्सलचा कोन मोजा. जो कारागीर या दोन्ही गोष्टी करून मग एक्सल बदलायला सांगेल, त्याचे ऐकावे. जो न पाहताच सांगेल, त्याचा सल्ला कितीही जुना आणि सर्वमान्य असला, तरी तो नाकारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.